तळहातावरचं पुरळ आणि कुत्र्यांची वही

माझं ऑफिस भोपाळच्या टी. टी. नगरमधल्या एका जुन्या सरकारी इमारतीत, पहिल्या मजल्यावर आहे. कामाचं नाव भारदस्त, रोग सर्वेक्षण. प्रत्यक्षात मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून जिल्ह्यातल्या दवाखान्यांमधून आणि आशा कार्यकर्त्यांकडून आलेली आजारांची माहिती एका ठिकाणी जमवते. कुठे किती ताप, किती जुलाब, किती कावीळ. एखाद्या वस्तीत काही नेहमीपेक्षा जास्त दिसलं की पडद्यावर लाल खूण उमटते, आणि मी उठून आमच्या मॅडमच्या खोलीत जाते. मॅडम डॉक्टर आहेत. साथरोगांची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आहे आणि त्या कुठल्याही गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवत नाहीत.

लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. माझ्या नवऱ्यालाही वाटतं. पण सोमवारी सकाळी आठवड्याचे तक्ते उघडताना मला अजूनही शाळेचा निकाल बघायला जाताना व्हायचं तसंच होतं. त्या तक्त्यांत कुठेतरी काहीतरी लपलेलं असतं आणि ते आपल्याला दिसेल की नाही, हे ठाऊक नसतं.

माझे आजोबा नागपूरच्या कचेरीत कारकून होते. राजधानी बदलली, कचेरी भोपाळला आली, फायली आल्या आणि फायलींच्या मागोमाग आजोबा आले. मी इथलीच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि घाईत असले की दोन्हींची खिचडी. एम.एस्सी. केलं प्राणिशास्त्रात, तेही कीटक आणि त्यांच्या भाऊबंदांचा खास अभ्यास घेऊन. नोकरी मात्र लागली आकड्यांची. पंधरा वर्षांत मी एकही किडा चिमट्यात धरला नव्हता. हे सांगायचं कारण, पुढे जे घडलं त्यात मला जो आनंद झाला तो थोडा माझ्या या जुन्या उपासमारीमुळेही झाला असणार.

त्या वर्षी दिवाळी होऊन दोनेक आठवडे झाले होते. डेंग्यूचा जोर होता. आमच्याकडे येणारा प्रत्येक ताप डेंग्यूच्याच नावाने येत होता आणि मॅडम सकाळपासून फवारणीच्या गाड्या कुठे गेल्या, कुठे नाही गेल्या, याच्यात बुडालेल्या होत्या. अशा दिवशी अकराच्या सुमारास मला अशोका गार्डनच्या आशाताईंचा फोन आला. या बाईंना मी चांगली ओळखत होते. वस्तीतल्या प्रत्येक घरात कोण गरोदर आहे, कोणाची गोळी चुकली, कोण खोकतंय, हे त्यांना तोंडपाठ. त्या उगाच फोन करत नाहीत.

त्या म्हणाल्या, रेल्वे लाइनीजवळच्या गल्लीत एक ऑटोवाला आहे, सहा दिवसांपासून तापाने फणफणलाय. डेंग्यूची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. मलेरिया नाही, टायफॉइड नाही. डॉक्टरांनी ‘व्हायरल’ म्हणून सोडून दिलंय. मी म्हटलं, नोंद करा, आपण बघू. मग त्या म्हणाल्या, “दीदी, दाने हथेली में भी हैं. तलवों में भी. ऐसा मैंने कभी नहीं देखा.”

तळहातांवर पुरळ, तळपायांवर पुरळ. मी त्यांना विचारलं, आधी कुठे आलं होतं? त्या म्हणाल्या, त्याच्या बायकोने सांगितलं की आधी मनगटांवर आणि घोट्यांपाशी आलं, मग अंगभर पसरलं.

कॉलेजात आम्हाला गोचिडींवर एक पूर्ण सत्र होतं. जनावरांच्या, कुत्र्यांच्या अंगावर चिकटते ती गोचीड, इथले लोक किलनी म्हणतात ती. तिच्या चाव्यातून माणसाला येणाऱ्या एका तापाचं वर्णन आमच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं आणि त्यात नेमकं हेच होतं. मनगट, घोटे, मग तळहात आणि तळपाय. डेंग्यूत अंगावर पुरळ येतं, पण ते सहसा या वाटेने येत नाही. कॉलेजच्या वहीतलं ते पान माझ्या डोळ्यांसमोर असं उभं राहिलं, की त्यावरचा माझा शाईचा डागसुद्धा दिसला.

एका माणसाच्या अंगावरच्या पुरळावरून साथ ठरत नाही, हे मला कळत होतं. म्हणून आधी मी तक्ते उघडले. जिल्ह्यातले असे सगळे रुग्ण शोधले ज्यांचा ताप पाच दिवसांहून जास्त आहे आणि तपासणीत काहीच निघालेलं नाही. यादी निघाली, बरीच लांब. पण आमच्या तक्त्यात तळहातांबद्दलचा प्रश्नच नव्हता. ‘पुरळ: हो / नाही’ एवढंच. तेव्हा एकच मार्ग होता, प्रत्येकाला फोन करायचा.

दोन दिवस मी तेच केलं. डबा टेबलावरच खाल्ला. कोणी फोन उचलायचं नाही, कोणी मला विमा विकणारी समजून ठेवून द्यायचं. एका आजींनी तळहात बघून भविष्य सांगणारी समजून मला मुलाच्या लग्नाचं विचारलं. बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिसरोदच्या एका तरुण इंजिनिअरने फोन उचलला. मंडीदीपच्या एका कारखान्यात नोकरी, ताप येऊन आठवडा झालेला, आवाज बारीक. मी प्रश्न विचारला. तो म्हणाला, थांबा, बघतो. मग म्हणाला, हो, आहेत. लाल ठिपके. मला वाटलं हात धुवायच्या साबणाने आले असतील.

तासाभराने तिसरा रुग्ण सापडला, आणि तो तर आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सरकारी क्वार्टरमधली दहा-अकरा वर्षांची मुलगी. फोन तिच्या आईने उचलला, पण ती घरी नव्हती, इस्पितळात होती. मुलीला आदल्या दिवशी भरती केलं होतं. आई मराठीच निघाली, वडील पुण्याहून बदली होऊन आलेले. मी मराठीत बोलल्यावर तिचा बांध फुटला. ती रडत रडत म्हणाली, “अहो, ती मला ओळखतेय, पण उत्तर नीट देत नाहीये. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट येऊ द्या.” मी तळहाताचं विचारलं. तिने सांगितलं, हो, हातापायांच्या तळव्यांवर, काल जास्त झालं.

मी फोन ठेवला. ही माहिती जमवण्याची जी गंमत मला दोन दिवस वाटत होती तिच्या मागे एक लहान मुलगी होती, हे त्या क्षणी लख्ख कळलं. मी कागद घेऊन मॅडमच्या खोलीत शिरले.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी बोट ठेवलं. अशोका गार्डन इथे, टी. टी. नगर इथे, मिसरोद तिकडे पार दक्षिणेला. तीन घरं, शहराची तीन टोकं. पाणी वेगळं, बाजार वेगळा, शाळा वेगळी. या तिघांना जोडणारं काय आहे, असं त्यांनी विचारलं, आणि मला ‘गोचीड’ एवढंच सांगता आलं. त्यांनी मला झिडकारलं नाही. त्या म्हणाल्या, गोचिडींचंच म्हणत असाल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, आणि लगेच विचारा.

पशुसंवर्धन खात्याचे एक डॉक्टर पलीकडच्याच इमारतीत बसायचे. मूळचे अमरावतीचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांची माझी ओळख रेबीजच्या बैठकांमधली. मी धापा टाकतच त्यांच्याकडे गेले. ते चहा पीत होते. मी सांगत गेले तशी त्यांनी कपबशी हळूहळू बाजूला सारली.

“ताई, तुम्ही गाईम्हशी, गोठे असं सगळं डोक्यात धरून बसल्या असाल,” ते म्हणाले. “ते सोडा. शहरात माणसाच्या उशाशी कोण झोपतं? कुत्रं. तिघांकडे कुत्रं आहे का, एवढं विचारा.”

मी तिथूनच फोन लावले. इंजिनिअरकडे कुत्रा होता. त्याने स्वतः त्याच्या कानातल्या गोचिडी काढून नखांनी चिरडल्या होत्या. चिरडलेल्या गोचिडीतलं पाणी बोटावरच्या चिरेत गेलं तरी पुरतं, असं डॉक्टरसाहेब मला बाजूने खुणेने सांगत होते. मुलीच्या घरीही कुत्री होती. मुलगी तिला जवळ घेऊन झोपायची. डॉक्टरसाहेबांनी टेबलावर थाप मारली. आणि मग मी आशाताईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, ऑटोवाल्याकडे कसला कुत्रा? एका खोलीत पाच माणसं राहतात. त्याला तर कुत्री आवडतसुद्धा नाहीत.

सगळा डोलारा खाली आला. डॉक्टरसाहेब मात्र म्हणाले, दोन तर दोन, आधी त्या पोरीचं बघा.

त्या दुपारी मॅडमनी जे केलं त्याबद्दल मला त्यांचा कायम आदर वाटेल. मी त्यांना सांगितलं की तिघांपैकी दोघांकडे कुत्रं आहे, तिसऱ्याकडे नाही, जोडणारा धागा अजून सापडलेला नाही. त्यांनी डोळे मिटले, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग इस्पितळात फोन लावून मुलीच्या डॉक्टरांना मागितलं. त्यांचं बोलणं मी समोर उभी राहून ऐकलं. गोचिडीचा ताप असू शकतो, पुरळ तळव्यांवर आहे, घरात कुत्रं आहे, शहरात अजून असे रुग्ण सापडले आहेत, असं त्यांनी एका दमात सांगितलं. पलीकडून बहुतेक रिपोर्टचा विषय निघाला असावा. मॅडम म्हणाल्या, “रिपोर्ट आता है तब तक आता रहे. इस बुखार में दवा रिपोर्ट का इंतज़ार नहीं करती. आज ही शुरू कीजिए.”

हे औषध काही महागडं, परदेशी नाही. प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या कपाटात असतं. आठवण करून देणारं कोणी हवं असतं, एवढंच. डॉक्टर समंजस होते. त्यांनी त्याच दुपारी औषध सुरू केलं. इंजिनिअरला आम्ही जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवलं. ऑटोवाल्याची सोय आशाताईंनी केली आणि तिघांचंही रक्त तपासायला गेलं.

आता राहिला तो न जुळणारा तुकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि डॉक्टरसाहेब त्यांच्या खात्याच्या जीपने अशोका गार्डनला गेलो. दुकानांची रांग ओलांडून, रेल्वे लाइनीच्या कडेने आशाताई आम्हाला वाट दाखवत घेऊन गेल्या. ऑटोवाला दारातल्या खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली, पण औषधाचा पहिला दिवस पदरात पडल्याने किंचित उभारी आलेली. त्याने तळहात पुढे केले. मी हे पुरळ आयुष्यात प्रथमच प्रत्यक्ष बघत होते. लालसर, बारीक, थेट तळव्याच्या रेषांमधून गेलेलं. डॉक्टरसाहेबांनी त्याला पाय बघू द्यायला सांगितलं. डाव्या गुडघ्याच्या मागे, मुडपण्याच्या जागी, विडीचा चटका बसावा तसा एक छोटा काळा डाग होता. त्याला स्वतःला तो ठाऊकही नव्हता. गोचीड चावली होती ती इथे.

पण कुठून आली? घरात जनावर नाही. गावी गेला नव्हता. गवतात, शेतात गेला नव्हता. मी सगळे प्रश्न विचारून दमले. आशाताई चहा घेऊन आल्या आणि सहज त्याला म्हणाल्या, दिवाळीत तर तुझा धंदा जोरात होता, रोज मिसरोदकडे कोणाला नेत होतास?

तो म्हणाला, माणसांना नाही. कुत्र्यांना.

मी आणि डॉक्टरसाहेबांनी एकदमच मान वळवली. तो सांगू लागला. दिवाळीत लोक गावी जातात, फटाक्यांनी कुत्री घाबरतात, म्हणून मिसरोदच्या पुढे एक गृहस्थ आपल्या आवारात कुत्री सांभाळायला ठेवून घेतात. त्यांनी याला ने-आण करायचं काम दिलं होतं. घराघरातून कुत्री उचलायची, तिकडे पोचवायची, सुट्टी संपली की परत आणून सोडायची. मागच्या सीटवर कुत्री, कधी कधी दोन दोन, आणि एक तर सारखं याच्या पायांशी येऊन बसायचं. टी. टी. नगरला गेला होतास का, मी विचारलं. तो म्हणाला, हो, सरकारी क्वार्टरमध्ये, एक छोटी मुलगी कुत्रीला निरोप देताना खूप रडत होती.

मी जागीच उठून उभी राहिले. चहा सांडला. नकाशावरची ती तीन लांबलांबची टोकं एका ऑटोच्या चाकांनी जोडली गेली होती. मला तिथल्या तिथे मोठ्याने हसावंसं वाटत होतं, पण समोर माणूस आजारी होता. मी जीपपर्यंत कशीबशी गेले आणि मग डॉक्टरसाहेबांचा हात धरून लहान मुलीसारखा हलवला. ते म्हणाले, “आता चला लवकर. तिथे अजून कुत्री असतील.” मी आशाताईंनाही बरोबर घेतलं. खरं तर ही सगळी गोष्ट त्यांचीच होती.

मिसरोदच्या वाटेवर मी इंजिनिअरला फोन केला. त्याचा कुत्राही दिवाळीत तिथेच राहिला होता.

ते आवार एका नव्या वसाहतीच्या मागे होतं. मालक साठीचे, एकटे, निवृत्त शिक्षक. कुत्र्यांच्या प्रेमापोटी त्यांनी हे सुरू केलं होतं, आणि जागा बघता कोणी त्यांना घाणेरडं म्हणू शकलं नसतं. फरशी धुतलेली, पाण्याची घमेली चकचकीत. आम्ही कशासाठी आलो हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले की प्रत्येक कुत्र्याला ते स्वतः आंघोळ घालतात, अंगावर गोचीड दिसली तर काढतात. डॉक्टरसाहेब त्यांना अतिशय हळुवारपणे म्हणाले, “गुरुजी, तुमची चूक नाही. पण ही कुत्र्याच्या अंगावर थोडा वेळ राहते. उरलेला सगळा वेळ ती घरात राहते.”

आणि त्यांनी बॅटरी काढून भिंतीवर धरली. खाली नाही, वर. ही जात वर चढते, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि विसरले होते. विटांच्या जोडांमध्ये, दाराच्या चौकटीच्या फटीत, छताच्या कोपऱ्यात, तपकिरी दाण्यांसारख्या त्या बसलेल्या होत्या. भिंतीवरचं एक कॅलेंडर मी हलकेच उचललं. त्याच्या मागे त्यांची वसाहतच होती. अंगावर शहारा आला, आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला की तो लपवणं कठीण गेलं. गोचीड सापडलीच तर म्हणून मी सकाळीच भरून घेतलेल्या पिशवीतून चिमटा काढला, स्पिरिटच्या छोट्या बाटल्या काढल्या, हातमोजे चढवले, सलवारीचे पाय मोज्यांत खोचले आणि पंधरा वर्षांनी पहिला जीव चिमट्यात धरला. आठ पाय, पाठीवर तपकिरी ढाल, छोटंसं डोकं. आशाताई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, एवढ्याशाने एवढा मोठा माणूस आडवा होतो? मी म्हटलं, होतो. मग त्याही बाटली धरायला पुढे सरसावल्या.

अंगणातल्या गवतावरून आम्ही पांढरी चादर ओढत नेली, की गवतावर कोणी असेल तर कापडाला चिकटेल. ती चादर माझ्या सासूबाईंची होती. वसाहतीच्या गच्चीवरून दोन बायका बघत होत्या आणि त्यांनी आशाताईंना हाक मारून विचारलं की नजर उतरवताय का. चादरीवर फारसं काही आलं नाही. आमची मंडळी गवतात राहणारी नव्हतीच, घरात राहणारी होती.

हे सगळं चाललेलं असताना गुरुजी आत गेले आणि एक जाडजूड वही घेऊन आले. मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक पानावर एक कुत्रं. त्याचं नाव, जात, कधी आलं, कधी गेलं, कुठल्या खोलीत राहिलं, कशाला घाबरतं, काय खात नाही. आणि खाली घरचा पत्ता आणि फोन. त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. म्हणाले, “यांच्यापैकी कोणाच्या घरी कोणी आजारी असेल तर आधी त्यांना सांगा. माझं नंतर बघा.”

मी आयुष्यात पुष्कळ तक्ते पाहिले, पण इतका चांगला तक्ता पाहिला नव्हता. आजार शोधायला निघालेल्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं? कोण, कुठून, कधी ते कधी. फरक एवढाच की ही माणसांची नव्हे, कुत्र्यांची नोंद होती. आम्ही तिथेच व्हरांड्यात बसलो आणि तिघांनी पानं वाटून घेतली. मी मराठी-हिंदीत, डॉक्टरसाहेब वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत आणि आशाताई आपल्या ठसक्यात, एकाच वेळी तीन फोन चालू. कुत्रं कसं आहे, असं आधी विचारायचं, मग माणसं कशी आहेत. कुत्र्याची चौकशी केली की लोक भरभरून बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस मी उगाच ‘आरोग्य विभागातून बोलतेय’ने सुरुवात करत होते.

बहुतेक घरी सगळे ठणठणीत होते. पण काही घरी नव्हते. एका घरी आजोबांना ताप होता आणि घरच्यांना तो हवाबदलाचा वाटत होता. एका घरी बाईंना कालच कणकण सुरू झाली होती, पुरळ अजून आलेलंही नव्हतं. त्यांना आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. पुढे त्या दोन दिवसांत उठून बसल्या. पुरळ यायच्या आधीच आम्ही तिथे पोचलो होतो. आजवर आम्ही कायम आजाराच्या मागून धावत आलो. त्या दुपारी, मिसरोदच्या त्या व्हरांड्यात, पहिल्यांदा त्याच्या एक पाऊल पुढे होतो. मी मॅडमना फोन करून हे सांगितलं तेव्हा माझा आवाज इतका चढला होता की त्या म्हणाल्या, हळू, मला ऐकू येतंय. मग त्यांनी स्वतःच तीन वेळा विचारलं, पुरळ यायच्या आधी?

पुढचे काही दिवस धावपळीचे गेले. डॉक्टरसाहेबांनी वहीतल्या घरोघरी जाऊन कुत्र्यांना औषध दिलं. गुरुजींच्या आवारात फवारणी झाली, गवंडी लावून भिंतींच्या फटी बुजवून घेतल्या. गुरुजींनी काही महिने कुत्री ठेवणं बंद केलं. काही लोक त्यांच्यावर चिडले, दोघातिघांनी वाईट बोलूनही दाखवलं. ते मला खटकलं, कारण गुरुजींनी वही लपवली असती तर आम्ही कुठे असतो? मी जमेल तिथे हे सांगत राहिले.

मुलीला औषध सुरू होऊन दोन दिवस झाले आणि तिचा ताप उतरला. तिच्या आईने फोन केला. या वेळीही ती रडत होती, पण मध्ये मध्ये हसतही होती. म्हणाली, “आज सकाळी तिने वरणभात मागितला.” एवढंच बोलून तिने फोन मुलीकडे दिला. मुलीने मला एकच प्रश्न विचारला, की आमच्या कुत्रीला सोडून द्यावं लागेल का. मी म्हटलं, मुळीच नाही. फक्त गोचीड दिसली तर हाताने चिरडायची नाही, चिमट्याने धरून सरळ वर ओढायची आणि मग साबणाने हात धुवायचे. तिने विचारलं, डोकं आत राहिलं तर? प्रश्न अगदी नेमका होता. मी तिला दहा मिनिटं गोचिडीच्या तोंडाची रचना समजावून सांगितली, तिच्या आईचा फोन गरम झाला असेल.

रक्ताचे आणि गोचिडींचे नमुने बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले होते. निकाल यायला बरेच दिवस लागले. एका सकाळी मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर कागद होता. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला नाही, स्वतःच वाचून दाखवला, ओळीवर बोट ठेवून, सावकाश. माणसांत आणि गोचिडींत, दोन्हींकडे एकच जंतू. वाचून झाल्यावर त्या खुर्चीवरून उठल्या आणि मला म्हणाल्या, “तुमने कहा था.” मॅडमच्या तोंडून एवढं ऐकणं म्हणजे दुसऱ्या कोणाकडून हारतुरे मिळण्यासारखं होतं.

महिन्याच्या बैठकीत मॅडमनी जिल्ह्यातल्या आशा कार्यकर्त्यांना बोलावलं. सगळ्यांना वाटलं नेहमीसारखं भाषण होईल. त्यांनी अशोका गार्डनच्या आशाताईंना पुढे बोलावलं आणि म्हटलं, तुम्ही सांगा. आशाताई आधी पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. मग त्यांनी आपला तळहात सगळ्यांसमोर पसरून धरला आणि सांगायला सुरुवात केली. दाणे कुठे बघायचे, आधी काय विचारायचं, घरात जनावर नसेल तर माणूस कामाला कुठे जातो ते कसं विचारायचं. मी मागच्या रांगेत बसले होते. हॉलमधल्या सगळ्या बायका नकळत आपापले तळहात उघडून बघत होत्या, आणि एकीने हात वर करून विचारलं की तिच्या वस्तीत शेळ्या पुष्कळ आहेत, तिथे काय बघायचं. आशाताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी उठले आणि पुढे गेले.